तिसऱ्या पायरीवरचा रुमाल

संगमनेरच्या स्टँडवर नगरची गाडी लागली, तेव्हा माझ्या एका खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती, दुसऱ्यावर ट्रायपॉड आणि डोक्यात आदल्या दिवशीच्या लग्नातला डीजे. मे महिन्याची गर्दी. कशीबशी चढले, तर उरलेल्या एकुलत्या एका सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल. कुणीतरी खिडकीतून टाकून जागा धरली होती. मी रुमाल उचलला आणि बसले.

"मॅडम... ती जागा माझी आहे."

"नाव कुठे लिहिलंय?"

"रुमाल आहे ना."

"रुमाल होता. आता मी आहे."

त्यानं भांडायला हवं होतं. भांडला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण हा हसला. "मग ते स्टँड तरी द्या इकडे, तुम्हाला टोचतंय," म्हणाला आणि नगर येईपर्यंत माझा ट्रायपॉड छातीशी धरून उभा राहिला. उतरताना ट्रायपॉड परत दिला. रुमाल माझ्याकडेच राहिला.

पुढच्या रविवारी बघते, तर स्वारी आमच्याच चर्चमध्ये, गाणाऱ्यांच्या शेजारी पेटीवर. शमुवेल साळवे, गणिताचे मास्तर, नुकतेच नगरच्या शाळेत बदलून आलेले. सगळे सॅम म्हणतात.

तेव्हापासून या माणसानं मला वैताग आणलाय.

आमचा, म्हणजे माझा आणि पप्पांचा, फोटो स्टुडिओ आहे. जूनमध्ये सॅम पासपोर्ट फोटो काढायला आला. जुलैत परत आला, म्हणे आधीचे संपले. ऑगस्टमध्ये शर्ट बदलला म्हणून आला. "एंजेला, हा पोरगा किती देशांत जाणारे?" पप्पांनी मला विचारलं.

"हनुवटी खाली," मी म्हणायचे.

"अशी?"

"फार झाली."

"मग... तुम्हीच करा ना नीट."

मी करायचे. माझी बोटं हनुवटीला लागली की तो श्वास घ्यायचा विसरायचा, आणि मला फोकस सापडायचा नाही. फोटो झाला की तो उठायचा, दारापर्यंत जायचा, वळायचा. काहीतरी ओठांवर यायचं... आणि मग म्हणायचा, "येतो." बस. त्यापुढे गाडी सरकायचीच नाही.

मला तो आवडायचा. खूप आवडायचा. पण आपण होऊन बोलायची नाही, हे मी ठरवलं होतं. एसटीतली जागा मी घेतली होती, निदान एवढं तरी त्यानं करावं.

तशात मरियाआत्यानं माझ्यासाठी पुण्याचं स्थळ आणलं. मुलगा मोठ्या कंपनीत, स्वतःचा फ्लॅट. नव्या वर्षात मंडळी येणार आणि होकार घेऊनच जाणार, असा आत्याचा बेत. मी ते सॅमला मुद्दाम ऐकवलं.

"पुणं चांगलं आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला डोळे मिटलेला फोटो छापून दिला.

आणि मग नाताळ आला. आमचं दगडी चर्च, त्याचा उंच मनोरा, नक्षीच्या कमानी जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक. नाताळला ते बघायला अख्खं नगर लोटतं, शिवाय शिर्डीला आलेली माणसं वाट वाकडी करून येतात. त्याच गर्दीत, सकाळची उपासना संपली की, चर्चच्या पायऱ्यांवर आम्हा सगळ्या मंडळीचा फोटो निघतो आणि वर्षभर हॉलमध्ये टांगला जातो. पूर्वी पप्पा काढायचे. त्यांचा गुडघा गेल्यापासून मी काढते.

या फोटोत कोण कुठे उभं राहतं, याला फार महत्त्व. म्हातारी माणसं खाली खुर्च्यांवर, लग्नाची मुलं डावीकडे, मुली उजवीकडे, मधल्या पायऱ्यांवर जोडपी. ज्यांचं नव्यानं ठरलं ती दोघं त्या वर्षी मध्ये शेजारी उभी राहतात. जाहीर काही करावं लागत नाही.

मी ट्रायपॉड लावत होते, तेवढ्यात सॅम आला.

"नाताळच्या शुभेच्छा. माझा रुमाल... आहे ना तुमच्याकडे?"

होता. लेन्स गुंडाळायला मी तोच वापरायचे.

"आज हवाय?"

"आज लागणार आहे."

"धुतलेला आहे," मी म्हणाले आणि दिला. त्यानं घडी घालून खिशात ठेवला, निघून गेला. म्हणजे झालं. मे महिन्यातला रुमाल माणूस डिसेंबरात परत मागतो, तो सगळं आटपायलाच. जाऊ दे, म्हटलं, पुणं चांगलं आहे.

"ताई, आमचाबी एक फोटू काढा की." मागून एका मावशींनी माझा दंड धरला. डोक्यावर पदर, हातात प्रसादाची पिशवी. "भीमाबाई म्हंत्यात मला. राजूरहून आलोय आमी. शिर्डी केली, म्हनलं हेबी बघावं."

"मावशी, हा झाला की काढते. इथंच थांबा, हलू नका."

"न्हाई हालत."

त्या हलल्या नाहीत, बाकी सगळे हलले. एक कुटुंब थेट फ्रेममध्ये शिरून सेल्फी काढायला लागलं. त्यांना हाकललं, तर लाल टोपीवाला एकजण उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या तोंडासमोर. टोपी हलवली, तर एक बाळ रडायला लागलं आणि त्याची आई त्याला फुगा आणायला चालली. आणि ते सगळं जमतंय तर मधोमध, तिसऱ्या पायरीवर, एका माणसाएवढी फट.

"मधली जागा भरा. सरका आतमध्ये."

सरकले. मी डोळा लावला, तर परत फट.

"कोण मागे सरतंय? मनोरा मध्यभागी आहे, त्याच्याखाली भोक दिसतंय मला."

परत सरकले. परत फट. आणि फटीच्या शेजारी कोण, तर सॅम. जोडप्यांच्या पायरीवर, एकटा.

"सॅमसर, तिथे काय करताय? मुलं डावीकडे."

"मी इथंच बरा आहे."

"मग शेजारी सरका."

"सरकता येत नाही... जागा धरलीये."

मला आता खरंच रडू येत होतं. कुणाची जागा? कुणाला आणणार होता हा? "कुणासाठी?" मी एवढ्या जोरात ओरडले की फुगेवालासुद्धा गप्प झाला.

त्यानं नुसतं खाली पायरीकडे बघितलं.

"अगं बाई, रुमाल टाकलाय की त्यानं पायरीवर," मागून भीमाबाई म्हणाल्या. "मला हितनं दिसतोय. तुला कळंना व्हय?"

मी लेन्स फिरवून पायरी जवळ आणली. निळ्या चौकड्या.

"हे मेपासून बोलता येत नव्हतं तुम्हाला?" मी सगळ्या मंडळीसमोर विचारलं.

"बोलायलाच यायचो," तो म्हणाला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा होता. "तुम्ही हनुवटी धरायचात. मग... तोंडच उघडायचं नाही."

"पुणं चांगलं आहे म्हणालात."

"चांगलंच आहे. तुम्ही जाऊ नका, एवढंच."

मरियाआत्याचा चेहरा मी बघितला नाही. खुर्चीवर बसलेल्या पप्पांकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला होता.

"आटप, एंजेला," ते म्हणाले. "ऊन डोळ्यावर येतंय."

मी भीमाबाईंचं बोट बटणावर ठेवलं. "मावशी, मी तिथे जाऊन उभी राहिले की हे दाबायचं."

"दाबते. तू पळ."

तिसऱ्या पायरीवर गेले, रुमाल उचलला, झटकला.

"नगर येईपर्यंत उभं राहावं लागलं मला," सॅम हळूच म्हणाला. "आज तू राहशील... शेजारी?"

"आधी विचारायचं, मग रुमाल टाकायचा. तेवढंही कळत नाही का तुला?"

भीमाबाईंनी बटण दाबलं. नुसतं दाबलं नाही, दाबून धरलं.

त्यातला एकही फोटो धड आला नाही. पाळकसाहेब, म्हातारी माणसं, कडेवरची बाळं, झाडून सगळे आमच्याकडे वळलेत. आत्याचं तोंड उघडं आहे. कॅमेऱ्याकडे बघणारं एक माणूस नाही. परत काढू म्हटलं, तर पप्पा ऐकेनात, त्यातलाच एक मोठा करून त्यांनी हॉलमध्ये लावला. भीमाबाईंचा फोटो मात्र मी नंतर सावकाश काढला, मनोऱ्यासकट. फार सुंदर आला.

पुण्याची मंडळी काही आली नाहीत. आणि आता दर रविवारी मला तो फोटो बघावा लागतो. मी काढायला लागल्यापासून मी स्वतः असलेला हा पहिलाच, आणि त्यातही मी रुमाल नाचवत सॅमवर ओरडतेय. सॅम म्हणतो, ओळख तरी पटते.