दुपारची फेरी

मी कंडक्टर, आणि मला बोलायला माणसं लागतात. घरी आहे कोण? नवरा गेला, लेक सासरी. जे काही बोलणं-चालणं, ते या बसमधलं. पण रस्त्यावरचा कारखाना बंद पडला, उरलेल्यांनी स्कूटर घेतल्या आणि आमची दुपारची फेरी ओस पडली. ऑफिसातून निरोप आला : साहेब स्वतः बसून बघणार, मग फेरी ठेवायची की नाही ते ठरणार. बंद झाली तर मला डेपोच्या मागच्या खोलीत, हरवलेल्या छत्र्या सांभाळत बसावं लागणार होतं.

साहेब चढले. सगळ्या सीटा रिकाम्या. मी डबल बेल मारली. ड्रायव्हर हलेना.

"अहो, जाऊ द्या ना!"

"थांबा की बाई. ती म्हातारी अजून धरायला दांडी शोधतेय."

मागे कोणीच नव्हतं. म्हटलं, फेरी वाचवायला नाटक करतोय गडी. मनातून बरंच वाटलं.

पण साहेबही बसेनात. अंग चोरून उभेच.

"बसा की साहेब."

"कुठे बसू?" घाम पुसत ते म्हणाले.

उतरताना अंग तिरकं करत, "जरा सरका, सरका" करत ते दारापर्यंत पोचले.

फेरी वाचली. वरून हुकूम आला : एवढ्या गर्दीत सीटा अडचण करतात, काढून टाका. दाराजवळची माझी तेवढी ठेवली.

आता स्टॉपवर दार उघडलं की बस एका अंगाला कलते, मग सरळ होते. ड्रायव्हर आरशात बघून कुणाला तरी हसतो. मला मेलीला कोणी म्हणजे कोणी दिसत नाही.

"तुम्ही बोलत का नाही हो त्यांच्याशी?" तो विचारतो. "वाईट वाटतं त्यांना."

काय सांगू, कपाळ! घरी तरी रिकामं म्हणजे रिकामं असतं.

काल वळणावर कोणीतरी माझा खांदा धरला.

बोटं गार होती.

मी झटकली नाहीत. किती वर्षांत कुणी हात लावला नव्हता.

शेवटच्या स्टॉपला दार उघडलं. बस हलकी होऊन वर उचलली गेली. ड्रायव्हर जांभई देत म्हणाला, "उतरले सगळे."

बोटं सुटली नव्हती.

घरापर्यंत चालत आले. कुलूप काढलं, दार ढकललं आणि जरा बाजूला झाले.

"या," म्हटलं.


खांदा मोकळा झाला. आत कुणीतरी दिवा लावला.