शकुनबाईंचा चरखा

‘विसरलो’ हा शब्द मला सहन होत नाही. माझे सासरे भैय्यालाल तो दिवसातून वीसदा म्हणायचे. चष्मा कुठं? विसरलो. आंघोळ केली? विसरलो. एकदा तर एकुलत्या एक नातीचं नाव विसरले. भाताची वेळ मात्र बरोबर ध्यानात! नुसतं सोंग.

तुमसरचा डॉक्टर म्हणाला, हात चालू ठेवा, डोकं चालेल. घरी येऊन मी स्पष्ट सांगितलं, “मामाजी, मोहाडीच्या बाजाराच्या दिवसापर्यंत एक पंचा विणून दाखवा. नाही तर माग फोडून चुलीत घालते.”

“शोभा, नको वं... पण सुताचा धोटा इकडून तिकडं कसा फेकू, तेच मले आठवत नाही.”

“मंग पन्नास वर्षं काय माशा मारल्या?”

बसवलंच मागावर. आडव्या सुताच्या कांड्या भरून देणं आमच्यात बाईचं काम. मी माझ्या चरख्यावर भरून मोजून चार दिल्या. चार कांड्यांत हातभर कापड होतं, जास्त नाही. मग मी अंगणात धान पाखडायला बसले.

दुपारभर आतून खटक... खटक...

दिवस कलताना आत गेले. अर्धा पंचा तयार! एक धागा चुकलेला नाही. खोलीत ओल्या सुताचा वास. सासू शकुनबाई जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कोपऱ्यातल्या त्यांच्या चरख्याला कोणाचा हात नाही. तो हळूहळू फिरत होता. मी पाहिलं तसा थांबला.

“कांड्या कोणं देल्या?”

“शकुननं. सारं आठवून देऊन राहिली मले...”

“मेलेली बाई? अन् फुकटात?”

त्यांनी धोटा थांबवला. “फुकट नाही वं. घरातल्याच कोणाचं तरी काढून देते...”

मी तिथंच थुंकले. म्हातारपणी नाटकं!

पंचा पुरा झाला. माग वाचला. मामाजी आता चष्मा स्वतः शोधतात, तोऱ्यात विणतात. काल मागावरून त्यांनी नातीला नावानं हाक मारली. पोरगी धावत गेली. मी चुलीपाशी होते. हाक स्वच्छ होती, माझ्या कानांनी ऐकली. नऊ महिने पोटात वागवलेली पोर, बारशाला नाव मीच निवडलं होतं. तिचं नाव...

थांबा. सांगते ना. घाई कायले करता?

आधी त्या चरख्याचा आवाज थांबू द्या.