बंद बीकनची खूण

यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

माझी मावसबहीण विमान चालवायला शिकत होती. घरात तिला सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. गेल्या वर्षीचा मार्च, गुरुवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. टळटळीत ऊन होतं, त्यामुळे अंधारात भास झाला असेल वगैरे मला ऐकवू नका.

आधी काटेसरांबद्दल सांगायला हवं.

ते ताईचे शिक्षक. खरं आडनाव वेगळं, पण दिवसभर एकच धोशा, "काटा बघ, काटा," म्हणून मुलांनी हे नाव पाडलेलं. विमानतळाजवळ बीकन होतं, म्हणजे रेडिओ लहरी सोडणारा मनोरा. विमानातला एक काटा त्या मनोऱ्याकडे वळायचा. मनोरा समोर असला की काटा वर, मागे असला की खाली. सोबत हेडफोनमध्ये बीकनची ठरलेली खूण वाजायची. दोन आखूड, एक लांब. आधी खूण ऐकायची, मगच काट्यावर विश्वास ठेवायचा, हा सरांचा नियम.

ताईला हे सगळं भंगार वाटायचं. तिच्या मांडीवर टॅबलेट, त्यावर जीपीएस, निळी रेघ आणि रेघेवरून सरकणारं इवलंसं विमान. आणखी काय पाहिजे?

चाचणीच्या दिवशी सरांनी तो टॅबलेट उचलून मागच्या सीटवर भिरकावला.

"आता सांग, आपण कुठे आहोत?"

ताई मागे वळून टॅबलेट शोधू लागली.

"खेळणं काढून घेतलं की तुझं डोकं बंद," सर म्हणाले. "एकटीच्या उड्डाणाला मी सही देणार नाही. तू मरशीलच, उद्या मागे बसलेल्या लोकांनाही मारशील."

ती सही नाही म्हणजे लायसन्स नाही. ताईने डोक्यात राख घालून घेतली आणि तक्रार लिहिली, की सर विमानात झोपतात.

धादांत खोटं.

साक्षीदार म्हणून लंबूने सही केली. लंबू तिच्याच वर्गातला, सरांचा लाडका, काटा वाचण्यात सगळ्यांच्या पुढे. त्याला ते पटलं नव्हतं, पण ताईने मैत्रीची शपथ घातली.

सरांना काढून टाकलं. महिन्याभरात ते घरी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. त्याच आठवड्यात बीकनही कायमचं बंद केलं, कारण आता ते कुणालाच नको होतं. नव्या शिक्षकाने ताईला चहा पिता पिता सही देऊन टाकली.

तर तो गुरुवार.

ताई एकटी उडाली. चाळीस मिनिटं छान गेली. विमानतळ आता समोर होता, निळी रेघ सरळ होती, ती गुणगुणत होती.

आणि हेडफोनमध्ये...

टिट्. टिट्. टाऽऽ.

बीकनचा रेडिओ तिने लावलाच नव्हता. तिने बटण पाहिलं. बंद होतं.

टिट्. टिट्. टाऽऽ.

काटा थरथरला... आणि खाली जाऊन थांबला.

खाली म्हणजे मागे.

तिने विमान डावीकडे वळवलं. मनोरा जमिनीवर असता तर काटा सरकला असता. तो हलला नाही. तिने अख्खी गिरकी घेतली. डोंगर, तलाव, धावपट्टी, सगळं काचेसमोरून फिरून गेलं, पण काटा मात्र खालीच.

जे खूण देत होतं ते तिच्या पाठीमागे होतं. तिच्यासोबत वळत होतं.

मान वळवून बघायची तिची छाती झाली नाही.

मग इंजिनाचा आवाज गेला.

इंजिन चालू होतं, पंखा फिरत होता, सगळे आकडे बरोबर होते. फक्त आवाज नव्हता. त्या शांततेत खूण तेवढी येत होती, पहिल्यापेक्षा जवळून. काटा उजव्या बाजूने हळूहळू वर चढू लागला... आणि बरोबर आडवा झाला.

उजवीकडे शिक्षकाची रिकामी सीट होती.

खट्.

पट्ट्याचं बकल लागल्याचा आवाज.

ताई समोर बघत राहिली. डोळ्यांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं की नव्हतं, हे ती आजही सांगत नाही. काटा आणखी वर सरकला आणि उजवीकडच्या धुरकट डोंगरांवर जाऊन स्थिरावला. इकडे वळ, असंच तो सांगत होता. तिने टॅबलेटवरची रेघ सोडली नाही. माफी मागायचंही तिला सुचलं नाही. शिव्या घालत तिने विमान उतरवलं.

चाकं टेकली तशी खूण थांबली.

मेकॅनिककाकांनी वही पुढे केली. उतरल्यावर विमानात जे काही खटकलं ते वैमानिकाने त्या वहीत लिहायचं असतं. लिहिलं की विमान उभं राहतं आणि चौकशी होते. चौकशी झाली असती तर ते उड्डाण लायसन्ससाठी धरलं गेलं नसतं, सरांचं नाव निघालं असतं, तक्रारही निघाली असती.

ताईने लिहिलं, 'दोष नाही.'

दारात लंबू उभा होता. दुसऱ्या दिवशी तेच विमान, तोच मार्ग, त्याची पाळी.

"कसं चालतंय?" त्याने विचारलं.

"मस्त," ताई म्हणाली.

शुक्रवारी, साधारण त्याच वेळेला, लंबूचा आवाज नियंत्रण कक्षात आला. तो रेकॉर्ड झालेला आहे.

"बीकन परत सुरू केलंत का?"

"नाही. बीकन बंद आहे. तुम्ही उजवीकडे भरकटताय, दिशा तपासा."

"खूण स्पष्ट येतेय," तो शांतपणे म्हणाला. "काटाही सरळ आहे."

त्यानंतर काहीच नाही.

विमान तिसऱ्या दिवशी डोंगरात सापडलं. तिथे कसलाच मनोरा नव्हता, कधीच नव्हता. लंबूने टॅबलेट पिशवीतून बाहेरही काढलेला नव्हता. जसं शिकवलं होतं, तसाच तो उडाला.

आठवड्याने त्याची आई विमान शिकवणाऱ्या शाळेत आली, त्याचं सामान न्यायला. ताईने पिशवी उचलून गाडीपर्यंत नेली. काकूंनी तिचा हात धरला.

"आदल्या दिवशी तूच नेलं होतंस ना ते विमान? काही बिघडलेलं होतं का गं त्यात?"

"नाही, काकू."

काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या गाडीत बसल्या.

गुरुवारचं ते उड्डाण धरलं गेलं. ताईला लायसन्स मिळालं. पुढच्या महिन्यात ती प्रवासी विमानावर रुजू होतेय, घरात सगळ्यांना कोण आनंद झालाय. मला तिने हे मागच्या आठवड्यात सांगितलं आणि कुणाला बोलू नको म्हणून हात जोडले.

मला झोप लागत नाही. त्या विमानात काय आलं होतं, मला माहीत नाही. पण त्याच्यापेक्षा मला आता ताईची भीती वाटते.

म्हणून तिला न विचारता हे लिहिलंय. काकूंच्या ओळखीचं कुणी वाचत असेल, तर त्यांना नक्की दाखवा.