कपातला केक आणि आठ खुर्च्या

दार उघडलं तेव्हा मी स्वतःलाच वाढदिवसाचं गाणं म्हणत होते. हळू आवाजात, पण म्हणत होते. हातात कप, कपात केक, केकवर एक मेणबत्ती... आणि दारात आस्गर.

तो पावसातून आला होता. कपाळावरच्या ओल्या बटांतून थेंब टपकत होते. मी फुंकर मारून मेणबत्ती विझवली, पण आता काय उपयोग?

डेन्मार्कमधल्या स्वेनबोर्गच्या धक्क्यावर आमची शिडं शिवायची कार्यशाळा आहे. त्या दुपारी सगळे, आस्गरसुद्धा, एका बोटीची मापं घ्यायला बाहेर गेले होते. म्हणून तर मी ती वेळ साधली होती! चार चमचे मैदा, दोन चमचे साखर, कोको, अंडं, थोडं दूध आणि तेल. कपातच ढवळायचं, मायक्रोवेव्हमध्ये दीड मिनिट ठेवायचं आणि कोणी यायच्या आत खाऊन टाकायचं.

"मारेन, आज तुझा वाढदिवस आहे?"

"हो... म्हणजे, तसा."

"तसा म्हणजे? अर्धा?"

मला हसू आलं नाही. आमच्याकडे वाढदिवस असेल त्यानं कामावर केक आणायचा असतो. मग सगळे विचारतात, संध्याकाळी काय बेत? या गावात येऊन मला आठ महिने झाले होते, आणि माझा काहीच बेत नव्हता. तीस वर्षांची झाले, आणि बोलवायला एक माणूस नाही. हे कोणाला सांगायचं?

"हा नुसता प्रयोग," मी म्हणाले. "संध्याकाळी पाहुणे आहेत ना. आठ जणं."

आठ! दोन म्हणाले असते तरी चाललं असतं.

"आठ?" आस्गरनं भुवया उंचावल्या. मी इथे राहायला आले तेव्हा माझी गादी त्यानंच तीन जिने वर चढवली होती. "तुझ्याकडे तर एकच खुर्ची आहे. बाकीचे काय खिडकीत बसणार?"

"उभे राहतील."

"वाढदिवसाला? छे! आमच्या वल्हवायच्या क्लबात घडीच्या खुर्च्या पडून आहेत. सहाला आणून देतो."

"नको रे, कशाला उगाच..."

"उगाच नाही," तो म्हणाला, आणि एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग पटकन मान वळवून शिवणयंत्राकडे गेला.

अर्ध्या तासात बातमी सगळीकडे. कार्यशाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बिर्गिटबाईंनी माझ्या टेबलावर वाढदिवसाचे छोटे झेंडे लावले आणि मला छातीशी धरलं. अकरा जणांनी गोल करून गाणं म्हटलं. आस्गर सगळ्यात बेसूर आणि सगळ्यात मोठ्यानं गात होता. मी मधोमध उभी. त्यांच्या त्या प्रेमानं मला रडू येत होतं, आणि लाजेनं वर बघवत नव्हतं.

घरी आल्यावर दिवा न लावता बसून राहावंसं वाटलं. तो आला तर दार उघडायचंच नाही... पण बरोबर सहाला घंटी वाजली.

खाली सामान वाहायच्या सायकलीवर आठ खुर्च्या दोरीनं बांधलेल्या होत्या. आस्गरनं रेनकोट काढला. आत निळा शर्ट, ताजी इस्त्री केलेला. केससुद्धा विंचरलेले.

"तू कुठे निघालास का?" मी विचारलं.

"मी? नाही. का?"

तो तीनदा वरखाली झाला. मी मदत करू लागले की म्हणायचा, "बाईसाहेब, आज तुम्ही हात लावायचा नाही." खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. आठही खुर्च्यांची तोंडं एकमेकींकडे, आणि सगळ्या रिकाम्या.

"किती वाजता येणारेत?"

"सातला."

"बरं." तो दारापाशी घुटमळला. रेनकोट या हातातून त्या हातात घेतला. "मग... मजा कर."

"आस्गर, काय झालं?"

"काही नाही गं." तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आठ जणांत माझा नंबर लागेल असं उगाच वाटलं होतं. चूक माझी. उद्या सकाळी नेतो खुर्च्या."

आणि तो जिना उतरू लागला.

मला गप्प बसता आलं असतं. दार लावलं असतं, तर माझी लाज झाकली गेली असती. पण त्याचा तो इस्त्रीचा शर्ट, आणि पाठ कशी वाकली होती ती... मी मोज्यांवरच धावले. दुसऱ्या मजल्यावर गाठलं त्याला.

"कोणी येणार नाहीये."

तो थांबला. "का? रद्द केलं त्यांनी?"

हो म्हणणं किती सोपं होतं! सगळे एकदम आजारी पडले म्हणायचं. शब्द अगदी जिभेवर आले होते.

"नाही. मी कोणाला बोलावलंच नाही. बोलवायला कोणी नाहीच आहे." माझे कान भाजत होते. "तू मला कपातल्या केकसमोर गाताना पकडलंस, आणि मला इतकं कसंतरी झालं, की तोंडाला येईल ते बोलले. तू पावसात खुर्च्या आणल्यास, बिर्गिटबाईंनी झेंडे लावले... मला माझीच किळस येतेय, आस्गर."

तो हसला नाही. रेनकोट अंगात चढवू लागला. मला वाटलं, संपलं.

"मला राग आलाय," तो शेवटी म्हणाला. "थोडासा. मला सांगितलं असतंस तर चाललं नसतं का?"

"तुलाच तर सांगवत नव्हतं."

"मलाच? का?"

मी कठड्याकडे बघत राहिले. उत्तर द्यायची गरजच उरली नाही. त्याच्या कानाच्या पाळ्याही लाल झाल्या.

"मग मीही सांगतो," तो म्हणाला. "त्या खुर्च्या दोन फेऱ्यांत वर गेल्या असत्या. मी तीन घातल्या. म्हटलं, कधीतरी म्हणशील, 'थांब.'"

"थांब," मी म्हणाले.

आम्ही वर आलो. घरात अंडं एकच उरलं होतं. ते फोडून मी दोन कपांत वाटलं. दीड मिनिट दोघंही मायक्रोवेव्हच्या काचेतून आत बघत राहिलो. केक फुगून काठाशी आले. माझा कपातला केक नेहमी चिवट व्हायचा. त्या दिवशी मऊ झाला, कारण एका कपाला अख्खं अंडं जास्तच होत होतं. इतक्या दिवसांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"तू नेहमी अशी गप्प खातेस?" त्यानं विचारलं.

"समोर कोणी नसतं ना."

त्यानं खुर्ची पुढे ओढली. गुडघ्याला गुडघा लागला. दोघांपैकी कोणीही पाय मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या बिर्गिटबाईंनी गाठलंच. "काय गं, कशी झाली पार्टी? कोण कोण आलं होतं?"

आस्गर यंत्रावर मान खाली घालून शिवत होता. त्यानं मला वाचवायला तोंड उघडलं नाही. ते काम माझं होतं.

"पार्टी नव्हतीच, बिर्गिटबाई. मी खोटं बोलले. मला इथे जवळचं कोणी नाही, त्याची लाज वाटत होती."

आस्गरचं यंत्र थांबलं. सगळेच थांबले. बिर्गिटबाईंनी चष्मा काढला.

"वेडी का खुळी तू? मला म्हणायचं होतंस! माझी संध्याकाळ म्हणजे मी आणि मांजर." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "वाढदिवसाला एकटीच बसलीस?"

"एकटी नव्हती," आस्गर म्हणाला. उठून उभाच राहिला तो, शाळेत उत्तर द्यायला राहतात तसा.

बिर्गिटबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग खणातून भलामोठा डबा काढला. तिशी गाठूनही लग्न झालेलं नसलं, की आमच्याकडे अंगावर मिरपूड उधळतात.

"काल पाहुणे येणार म्हणून सोडलं होतं तुला," त्या म्हणाल्या. "आता कोण वाचवतं बघू!"

"त्याच्यावरही उधळा की!" मी ओरडले. "तो एकतीसचा आहे!"

आस्गरनं माझा हात धरला आणि आम्ही धक्क्याकडे पळत सुटलो, मागून मिरपुडीचा ढग आणि अख्खी कार्यशाळा. धक्क्याच्या टोकाशी पोचेपर्यंत शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता, आणि दर वेळी शिंक आडवी येत होती.

"मारेन, मला तू... आक्छी!... मला तू..."

"कळलं," मी म्हणाले. "मलाही."