ऐकीव समुद्र

सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या वाचनकट्ट्यावर योगिनी पडद्यावर टॉलेमीचा नकाशा दाखवत होती. हा ग्रीक भूगोलकार, आणि आपण सिंगापूरकर जिथे बसलोय त्याच्या वरचा मलाया म्हणजे ग्रीकांचं सोन्याचं द्वीपकल्प... तेवढ्यात दाराशी पावसाने निथळणारा एक माणूस बोलला. निव्वळ आडोशाला आला होता.

"यांनी हिंदी महासागराला खालून जमिनीचं कुंपण का घातलंय? तळं वाटलं की काय?"

टॉलेमी स्वतः इथवर आला नव्हता, व्यापाऱ्यांकडून ऐकून त्याने नकाशा केला, असं तिने जरा फणकाऱ्यानेच सांगितलं.

"तरीच. आणि तुम्ही? कधी चढलाय बोटीवर?"

सगळे हसले. योगिनीचे कान तापले. खरं सांगायचं तर, चिडली तिथेच ती फसली.

तो गुरुप्रसाद. मालवाहू बोटीवर इंजिनिअर, बोट दुरुस्तीला लागलेली, म्हणून जमिनीवर. चांगी बिझनेस पार्कमधलं ऑफिस सुटलं की योगिनी त्याला भेटायला लिटिल इंडिया गाठायची. डोशाच्या वाफेआडून तो सांगायचा, अंधारात बोटीमागचं पाणी निळं पेटतं. ती म्हणायची, थापा. मग तिनेच त्याला पिथियसची गोष्ट सांगितली. हा ग्रीक दर्यावर्दी पार उत्तरेला गेला आणि परतून म्हणाला, तिथे समुद्र पाणीही नाही, जमीनही नाही. पुढे स्ट्रॅबो नावाच्या भूगोलकाराने, जो त्या बाजूला कधी फिरकलाही नव्हता, त्याला खोटारडा ठरवून टाकलं.

"मग तू माझी स्ट्रॅबो," तो म्हणाला, आणि तिच्या ताटातली चटणी बिनदिक्कत उचलली.

मग मध्ये आली क्षिप्रा, हौगांगच्या फ्लॅटमध्ये तिच्यासोबत राहणारी मैत्रीण. बोटीवरची माणसं म्हणजे बंदरागणिक एक बाई, असं तिने बजावलं. आणि दोन-दोन डिग्र्या घेतलेल्या योगिनीने ते गिळलं! शिकलेली माणसं ऐकीव गोष्टींवर अशीच भाळतात, वर त्याला सावधपणा म्हणतात. तिने त्याचे फोन घेणं बंद केलं. भांडलीसुद्धा नाही.

शनिवारी त्याचा मेसेज आला. आज दुपारी मरीना साउथ पिअरच्या धक्क्यावरून लाँचने बोटीवर जातोय. काय चुकलं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. यापुढे त्रास देणार नाही.

तिने क्षिप्राला विचारलं, तुझ्या ओळखीत बोटीवरचं कोण आहे?

"कोणी नाही गं. पण सगळेच म्हणतात ना..."

योगिनी चप्पल अडकवून निघाली. एमआरटीची मेट्रो नेमकी रांगत होती.

पिअरवर लाँचचं इंजिन धडधडत होतं. खलाशी एकेक करून लाँचमध्ये उतरत होते. तो शेवटचा, खांद्यावर बॅग. तिला पाहून थांबला, पण हसला नाही.

"तुझं कुठल्या बंदरात कोणी आहे?" धापा टाकत तिने विचारलं.

त्याचा जबडा घट्ट झाला. "इतके दिवस मला सोडून कोणाकोणाला विचारलंस?"

"क्षिप्राला." तिने मान खाली घातली नाही. "चुकले. आता तुला विचारतेय."

"नाही. कोणी नाही... तू होतीस."

"आहे," ती म्हणाली.

खालून लाँचमधल्या बोट कंपनीच्या एजंटने हाक मारली. गुरुप्रसाद हलेना. राग पुरता उतरला नव्हता, दिसत होतं तिला. त्याने हात पुढे केला आणि तिच्या घामाने चिकटलेल्या बटा कानामागे सारल्या... अगदी सावकाश, जणू खाली कोणी खोळंबलंच नव्हतं.

"सहा-सात महिने, योगिनी. मधे लोक बोलतच राहतील."

"बोलू देत. जा तू."

लाँच सुटली. नांगरलेल्या जहाजांच्या गर्दीत ती ठिपक्याएवढी होईस्तोवर योगिनीने पुण्याला फोन लावला होता.

"आई, जरा बस," ती म्हणाली. "मुलगा बोटीवर असतो... नाही, कोण काय म्हणतं ते मागाहून. आधी मी काय पाहिलं ते ऐक."