गरम पोती

मंगळवारी दुपारी सेलूच्या तेलगिरणीचं गोदाम जळालं आणि रूपरावला कळलं, आपली बायको शकुबाई आतच होती. चौथ्या दिवशी आणखी एक कळलं. चहाला चूल पेटवून तिनंच आग लावली, असं पोलिसांनी लिहून घेतलं होतं.

तो वर्ध्याला पद्माताईंकडे गेला. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या पद्माताई आता खासगी तपास करत. जुने कारकून दत्तोपंत सोबतीला असत.

"मॅडम, थे घरून थर्मास न्यायची. कामावर काऊन चूल पेटवन?"

तिघं गोदामात गेले. शकुबाईच्या बसायच्या जागेवरचे लोखंडी अँगल वाकून लोंबत होते. व्यवस्थापक देवेंद्रनं मोबाइलवर फोटो दाखवला. लाल काडेपेटी, तिच्यावरचं चित्रसुद्धा स्पष्ट.

"इथेच सापडली. मीच पोलिसांना दिली."

"झालं! पुरावाच आहे," दत्तोपंत म्हणाले.

कोपऱ्यात एक पोतं बाहेरून शाबूत होतं. पद्माताईंनी ते फोडलं. आत सगळं जळून कोळसा.

हमाली करणाऱ्या धुरपतानं सांगितलं, "तेलाच्या मातीचे पोते गरमच राहेत जी. थंडीत आमी हात शेको, शकुबाई कंबर शेके. पयले पाणी मारून लगेच वीटभट्टीवर जाय. भट्टीवाला म्हणे, ओली माती जळत नाई. मंग देवेंद्रसाहेबानं पाणीच बंद केलं. पंधरा रोज थप्पी तशीच."

ऑफिसात देवेंद्रनं गॅसच्या लायटरनं देवापुढची उदबत्ती लावली.

"काडेपेटी नाही का हो?" दत्तोपंतांनी सहज विचारलं.

"संपली."

पद्माताई खुर्चीवर बसल्याच नाहीत.

"तेल साफ करून निघालेली ही माती तेल पिऊन असते. म्हणून तर भट्टीत जळण होते. कोरडी रचून ठेवली, की आतल्या आत तापते आणि एक दिवस आपोआप पेटते. चुलीची आग पोतं बाहेरून जाळते. हे आतून जळलंय."

"मग काडेपेटी?" दत्तोपंत म्हणाले.

"लोखंड वाकलं तिथं कागदाची पेटी कोरी राहील? ती आग विझल्यावर ठेवली. देवेंद्र, तुमची उदबत्तीची काडेपेटी लालच होती ना?"

देवेंद्रनं होकारार्थी मान हलवली. "मालक म्हणाले, कुणाचं तरी नाव लागेल."

रूपराव उठला. "तिचंच गावलं तुमाले? जित्तेपणी जाळली, मेल्यावर बी सोडलं नाई!"

दुसऱ्या गोदामातल्या पोत्यांवर त्या संध्याकाळी पाणी मारलं गेलं.

पोलिसांच्या कागदावर आग लावणारी अजून शकुबाईच आहे. ते नाव खोडायचं राहिलं आहे.