नऊ नंबरच्या फोनवरचा आवाज

हॅलोकाकांची ही गोष्ट भर दुपारची आहे. रात्रीची असती, तर झोपेवर खापर फोडून ते केव्हाच मोकळे झाले असते.

सत्तावीस वर्षं टेलिफोनच्या दुरुस्तीत घालवलेला माणूस. दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लाइनवर 'हॅलो, हॅलो' करायचं, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना हॅलोकाका म्हणत. त्या दिवशी सकाळपासून दोन ठिकाणची कामं उरकून झाली होती. पाठ भरून आली होती, डबा उघडायलाही सवड मिळाली नव्हती. तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला: वृद्धाश्रमात एका खोलीतल्या फोनची तक्रार आहे, आजच्या आज मिटवून या.

वृद्धाश्रमात दुपारची सामसूम होती. लांबलचक कॉरिडॉर, फिनेलचा वास, कुठल्याशा दाराआडून मधूनच येणारी खोकल्याची उबळ. मेट्रनबाई त्यांना जिन्याखालच्या कोंदट खोलीत घेऊन गेल्या. तिथल्या कपाटात गेटवे होता. बाहेरून आलेला आवाज आत घेऊन खोल्याखोल्यांतल्या फोनांना वाटून देणारी ती पेटी.

"फक्त नऊ नंबरच्या खोलीची तक्रार आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तिथल्या आजींच्या मुलीनं केलीय. ती परगावी असते, पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे येता येत नाही. म्हणते, आईचं बोलणं मला ऐकू येतं, पण माझं आईला जात नाही."

"आजींना कमी ऐकू येत असेल."

"छे हो! शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी विचारतात, काय पडलं म्हणून."

"मग फोन कानाला लावून नुसत्याच बसून राहत असतील."

"तेच तर... बसून राहत नाहीत. बोलतात. हसतात."

काकांनी आपल्या मोबाइलवरून मुलीला फोन लावला. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"माझा दादा गेला हो. पंधरवडा झाला. मी आईला तीनदा सांगितलं. म्हटलं, आई, दादा गेला गं. तर ती म्हणते, 'बरं बरं, आधी डोकं पुसून घे.'"

"मेट्रनबाईंना सांगायला सांगा ना."

"नको. परक्याच्या तोंडून नको. मीच सांगणार. तुम्ही फक्त माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचवा, काका. एवढंच करा."

काकांनी तिला बरोबर तीन वाजता आईला फोन करायला सांगितलं आणि लॅपटॉप गेटवेला जोडला. अशा फोनमध्ये आवाज सलग वाहत नाही. सेकंदाला त्याचे पन्नास तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र पॅकेटात बसून निघतो. पॅकेटावर धाडणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो. ती सगळी पॅकेटं लॅपटॉपवर टिपून ठेवली की प्रत्येक बाजू वेगळी काढून ऐकता येते आणि आवाज कुठे गळतोय ते कळतं. काकांनी हे हजारदा केलं होतं.

तीनला फोन आला. सहा मिनिटं चालला. काकांनी आकडे पाहिले. एकही पॅकेट गळालं नव्हतं.

त्यांनी हेडफोन चढवला आणि बाहेरून गेटवेपर्यंत आलेली बाजू लावली. मुलीचा आवाज. "आई, ऐक ना... दादा गेला..." स्वच्छ होता. मग गेटवेतून नऊ नंबरकडे गेलेली बाजू लावली. तिथेही हेच ऐकू यायला हवं होतं.

तिथे एक पुरुष बोलत होता.

"आई, झोपली होतीस का?" आवाज मऊ होता आणि फार थकलेला. "नाही गं, बरा आहे. फक्त पाय वाळत नाहीयेत... किती पुसले तरी."

मागे कुठेतरी पाणी हलत होतं.

काकांना वाटलं, लाइन दुसऱ्या कुणाच्या लाइनवर चढलीय. पण त्या वेळी तिसरा फोन चालूच नव्हता. पॅकेटांवर धाडणाऱ्याचा पत्ता गेटवेचाच होता. बाहेरून मुलीची पॅकेटं येत होती आणि आतून ही निघत होती, तेवढीच, नेमाने. मधल्या त्या पेटीत काय होत होतं, ते काही कळेना.

त्यांनी मेट्रनबाईंना बोलावून हेडफोन दिला. बाईंनी दोन वाक्यं ऐकली आणि तो झटक्यात काढून टेबलावर ठेवला.

"हे तर... आजींचा मुलगा. दर रविवारी यायचे भेटायला."

"कशानं गेले?"

"गाडी कालव्यात गेली. तिसऱ्या दिवशी सापडले."

मग फोन बदलून बघू, असं काहीतरी पुटपुटत काका नऊ नंबरमध्ये गेले. आजी पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या.

"दुरुस्त कशाला करताय? चांगला चालतोय की," त्या म्हणाल्या. "मुलगा रोज बोलतो माझ्याशी. आधी रविवारचा उभ्या उभ्या यायचा. आता रोज. दमतो हो बिचारा." मग त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं. "तुम्हीही दमलेले दिसता. बसा जरा."

काका बसले. बसावं असं त्यांना फार वाटलं. 'दोष आढळला नाही' असं लिहून घरी जावं, म्हातारीला तिच्या मुलाचा आवाज राहू द्यावा. पण कानात त्या मुलीचं 'एवढंच करा' घुमत होतं. ते उठले.

गेटवेतलं कार्ड त्यांनी बदललं. जुनी सगळी सेटिंग पुसून नवीन भरली. साडेचारला मुलीला पुन्हा फोन करायला लावला. या वेळी त्यांनी ऐकलं नाही, नुसते आकडे पाहिले. मुलीची बाजू आणि नऊ नंबरची बाजू तंतोतंत जुळली.

थोड्या वेळानं वरून एक हंबरडा ऐकू आला. मेट्रनबाई जिन्यावरून धावत गेल्या. काका कपाटाच्या दाराला हात लावून तसेच उभे राहिले. काम झालं होतं. एवढं जड काम त्यांनी सत्तावीस वर्षांत केलं नव्हतं.

कुणाचाही निरोप न घेता ते बाहेर पडले. गाडीत बसल्यावर, रिपोर्ट लिहून एकदाचं संपवावं म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला.

पॅकेटं अजून टिपली जात होती.

केबल तर त्यांच्या मांडीवर गुंडाळलेली पडली होती. वायफाय बंद होतं. तरी आकडा चढत होता, सेकंदाला पन्नास. पाठवणाऱ्याचा पत्ता तोच, गेटवेचा. घेणाऱ्याच्या जागी आता नऊ नंबरचा फोन नव्हता, हा लॅपटॉप होता. उलट दिशेचा, म्हणजे लॅपटॉपकडून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांचा, आकडा शून्यावर होता.

काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हेडफोन चढवला.

कुणी बोलत नव्हतं. पाणी संथ हलत होतं, आणि त्या पाण्यालगत कुणीतरी श्वास घेत होतं. चिडलेला नव्हता तो श्वास. नुसता वाट बघत होता.

"माफ करा हो," काका पुटपुटले. "तिनं फार विनवलं..."

त्यांच्या हेडफोनला माइक नव्हता. लॅपटॉपचा माइक तर दोन वर्षांपासून बंद पडला होता.

उलट दिशेचं शून्य हललं. एक... चाळीस... एकशे दहा...

आणि पलीकडचा श्वास थांबला, एखादा माणूस बोलायच्या आधी थांबतो तसा.